न आलेल्या पैशांचा हिशेब

(ध्वनिमुद्रणावरून केलेलं शब्दांकन)

मागच्या व्याख्यानात आपण संभाव्यतेच्या जन्मकथेपाशी थांबलो होतो, आणि उठता उठता मी म्हटलं होतं की पुढच्या वेळी एका पुस्तकाची चिकित्सा करू. ते पुस्तक पोकरवरचं आहे हे कळल्यावर दोन-तीन भुवया वर गेलेल्या मी इथून पाहिल्या. तत्त्वज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापकाने पत्त्यांच्या जुगारावर तास घ्यावा का? माझ्या मते घ्यावा. जे अजून घडलेलं नाही त्याची आज किती किंमत धरायची, हा प्रश्न तत्त्वज्ञानात फार जुना आहे. पण इतक्या रोकड्या स्वरूपात तो दुसरीकडे क्वचितच भेटतो. एक आधीच सांगून ठेवतो. पोकर म्हटलं की आपल्याकडे लगेच युधिष्ठिराला व्यासपीठावर बोलावतात. आज त्याला विश्रांती देऊ.

पुस्तक आहे डेव्हिड स्क्लान्स्की या अमेरिकन खेळाडू-लेखकाचं, 'द थिअरी ऑफ पोकर'. या नावाने ते 1987 साली आलं. पोकरवर त्याआधीही पुस्तकं होती, पण ती बहुतेक किस्से आणि कानमंत्र सांगणारी. याने पहिल्या पानापासून युक्तिवाद केला. त्यातलं एक प्रकरण मला आज हवं आहे: इम्प्लाइड ऑड्स. सट्ट्याच्या भाषेत आपण ऑड्सला 'भाव' म्हणतो, तेव्हा मी याला 'गर्भित भाव' म्हणेन. शब्द थोडा जड आहे, चालवून घ्या.

आता ज्यांनी आयुष्यात रमी आणि तीन पत्ती यापलीकडे काही पाहिलं नाही त्यांच्यासाठी दोन मिनिटं. टेक्सास होल्डेम या प्रकारात प्रत्येकाला दोन पानं मिळतात, ती फक्त त्याला दिसतात. मग टेबलावर सगळ्यांची मिळून पाच पानं उघडतात: आधी तीन, त्याला फ्लॉप म्हणतात, मग एक, ते टर्न, मग शेवटचं, ते रिव्हर. प्रत्येक टप्प्यावर पैसे लावायचे. समोरच्याने लावले की तेवढे आपणही भरायचे, म्हणजे कॉल, किंवा वाढवायचे, किंवा पानं टाकून मोकळं व्हायचं. मधे जमलेल्या ढिगाला पॉट म्हणतात. सातांतल्या उत्तम पाच पानांचा हात ज्याचा मोठा, पॉट त्याचा.

समजा तुमच्या हातात बदामाचा एक्का आणि बदामाची सत्ती आहे. टेबलावर चार पानं उघडली आहेत: बदामाचा राजा, किलवरची नव्वी, बदामाची छक्की, इस्पिकची दुर्री. आता एक बदाम आला की तुमचे पाच बदाम, म्हणजे फ्लश, होतो. नाही आला तर हातात काहीच नाही. पॉटमध्ये 100 डॉलर आहेत, समोरच्याने 50 लावले. कॉल करायचा की नाही?

पहिला हिशेब कुणालाही जमेल. तुम्ही सहा पानं पाहिलीत, न पाहिलेली 46. त्यात बदाम 9. म्हणजे 37 वेळा हार, 9 वेळा जीत. साधारण चारास एक असा प्रतिकूल भाव, नेमकं सांगायचं तर 4.11 ला एक. आणि पॉट काय देतोय? 50 भरून 150 मिळणार, म्हणजे तिनास एक. लागतो चारास एक, मिळतो तिनास एक. पानं टाका. विषय संपला.

इथे स्क्लान्स्की म्हणतो, थांबा, विषय संपलेला नाही. बदाम आल्यावर डाव थांबणार नाही, अजून एकदा पैसे लागणार आहेत. तेव्हा तुमच्याकडे मोठा हात असेल आणि समोरचा कदाचित अजून काही देईल. ते 'अजून काही' आजच्या हिशेबात धरा. आजच्या खर्चासमोर फक्त आजचा पॉट ठेवू नका, जिंकलात तर एकंदर जे मिळण्याची अपेक्षा आहे ते ठेवा. हा गर्भित भाव.

हे ऐकल्यावर आपल्या मनात पहिली म्हण येते ती 'बाजारात तुरी'. पुढचं तुम्हाला माहीत आहे. न आलेल्या तुरीवरून घरात भांडण. पण ही म्हण इथे अपुरी आहे, म्हणून मी हा विषय घेतला. पुढे येऊ शकणारे पैसे शून्य धरणं हाही एक अंदाजच आहे, आणि बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. ज्याला फक्त आजचा पॉट दिसतो तो सावध नसतो, तो अर्धा डाव न पाहता हिशेब करत असतो. तेव्हा स्क्लान्स्कीची मूळ सूचना बरोबर आहे, हे आधी मान्य करून मग पुढे जाऊ.

आता मला तुम्हाला थोडं मागे न्यायचं आहे. 1654 साली पास्काल आणि फर्मा यांच्यात जो पत्रव्यवहार झाला तो आपण मागच्या वेळी पाहिला. त्यातलं उदाहरण आठवा. दोघांनी प्रत्येकी 32 पिस्तोल लावलेत, जो आधी तीन डाव जिंकेल त्याला सगळे 64. एकाचे दोन डाव झालेत, दुसऱ्याचा एक, आणि खेळ मोडला. पैसे कसे वाटायचे? पास्काल म्हणतो, पुढचा डाव पहिला जिंकला तर 64 त्याचे. हरला तर दोघे बरोबरीत, म्हणजे प्रत्येकी 32. तेव्हा 32 तर त्याचे नक्कीच, उरलेल्या 32 चे निम्मे म्हणजे 16. त्याला 48, दुसऱ्याला 16. न खेळलेल्या डावाची आज किंमत काढली, आणि ती सुद्धा अशी की कुणाला तक्रार करता येऊ नये.

पण हे का जमलं? पैसे आधीच टेबलावर होते म्हणून. पुढच्या डावात कुणी जास्त लावेल, कुणी उठून जाईल, कुणाला संशय येईल, असं काही नव्हतं. पुढे फक्त फासा होता. पास्कालच्या प्रश्नात भविष्य आहे, पण त्या भविष्यात माणसाची इच्छा नाही.

दुसरं टोक पाहा. जॉन फॉन नॉयमन. 1928 चा त्याचा निबंध आणि 1944 साली मॉर्गेनस्टर्नबरोबरचं मोठं पुस्तक. त्यात पोकरवर स्वतंत्र विभाग आहे. तिथे त्याने दाखवलं की थाप मारणं हा स्वभावदोष नाही, गणिताचीच ती मागणी आहे. कधीच थाप न मारणाऱ्याला कुणी पैसे देणार नाही. अफाट निष्कर्ष आहे. पण त्याने जो पोकर घेतला तो कसा होता? प्रत्येकाला शून्य ते एक यांच्यामधला एक आकडा मिळतो, तोच त्याचा हात. मग पैसे लावायचे, आकडे दाखवायचे. संपलं. अजून यायचं असलेलं एकही पान त्यात नाही. म्हणजे इथे माणसाची इच्छा आहे, डावपेच आहे, पण उघडायचं भविष्य नाही.

म्हणजे पास्कालकडे इच्छेविना भविष्य, फॉन नॉयमनकडे भविष्याविना इच्छा. गर्भित भावाला दोन्ही एकदम लागतात: पान येईल का, आणि आलं तर तो देईल का. लास व्हेगासच्या टेबलांवर बसणाऱ्या माणसाने, कुठलंही प्रमेय हाताशी नसताना, या दोन गोष्टी एका वाक्यात आणल्या. हे त्याचं श्रेय मी मोठं मानतो. आणि माझी तक्रारही तिथेच सुरू होते.

तक्रार अशी. त्याने त्या नुसत्या एका वाक्यात आणल्या नाहीत, एका आकड्यात आणल्या. 'चारास एक' हा भाव 46 पानं मोजून निघाला आहे. 'पुढचे धरले तर पाचास एक' हा भाव कुठून निघाला? समोरच्या माणसाबद्दलच्या माझ्या मतातून. दोन्ही भाव एकाच साच्यात लिहिले की वाचकाला ते एकाच मापाचे वाटतात. स्क्लान्स्की बिचारा सांगतो की हा अंदाज अनुभवाचा आहे. पण आकड्याची लिपी इतकी मोहक असते की सावधगिरीचं वाक्य विसरतं आणि गुणोत्तर लक्षात राहतं. मोजणं आणि मानणं यांतला भेद पुसला जातो.

याहून खोल एक अडचण आहे. या पुस्तकाचा पाया म्हणजे लेखकाने 'पोकरचं मूलभूत प्रमेय' असं ठसठशीत नाव दिलेलं एक विधान. माझ्या शब्दांत: समोरच्याची पानं दिसत असती तर तुम्ही जसं खेळला असता, त्याहून वेगळं खेळलात की त्याचा फायदा, तसंच खेळलात की त्याचा तोटा. म्हणजे आदर्श खेळाडू कोण? ज्याला सगळी पानं दिसतात तो. ठीक. आता या आदर्श खेळाडूला आपल्या उदाहरणात बसवा. त्याला समोरच्याची दोन्ही पानं दिसली. बदाम आल्यावर समोरचा 100 डॉलर देईल की पानं टाकेल, हे त्याला कळलं का? नाही कळलं! पानं पाहून पानं कळतात. माणूस पुढे काय करेल ते त्याच्या पानांत लिहिलेलं नसतं. म्हणजे ज्या अज्ञानावर हे प्रमेय उभं आहे ते दूर झालं तरी गर्भित भावाचं अज्ञान तसंच शिल्लक राहतं. एका प्रकरणात ज्ञान म्हणजे पानांचं ज्ञान, दुसऱ्यात ज्ञान म्हणजे माणसाच्या पुढच्या कृतीचं ज्ञान. लेखकाच्या बाजूने कुणी म्हणेल की पानं दिसली की वागण्याचा अंदाज सुधारतो. सुधारतो, नक्कीच. पण अंदाज सुधारणं आणि अज्ञान जाणं यांत फरक आहे.

मग काय करायचं? ही संकल्पना टाकून द्यायची? मुळीच नाही. प्रश्न उलटा विचारायचा. 'मला पुढे किती मिळतील?' हा प्रश्न मनाला मोकाट सोडतो. 'मला पुढे किती मिळालेच पाहिजेत?' हा प्रश्न मोजता येतो. बघा, आपल्या उदाहरणात 50 चे 4.11 पट म्हणजे 206 च्या आसपास मिळायला हवेत. पॉटमध्ये 150 आहेत. तूट 56. बस्स. बदाम आल्यावर समोरच्याने सरासरी 56 डॉलर दिले तर कॉल बरोबरीत सुटतो. त्या वेळी पॉट 200 चा झालेला असेल, त्याच्या चौथ्या हिश्श्याहून थोडे जास्त. आता माणसाकडे बघा आणि ठरवा, हा 56 देणारा आहे का. 'सरासरी' हा शब्द मात्र गिळू नका. तुम्ही 100 लावाल आणि तो निम्म्या वेळाच देईल, तर सरासरी 50 झाली. सहा डॉलर कमी पडले. आपली कल्पनाशक्ती पैसे देणारा प्रतिस्पर्धी रंगवते, पानं टाकणारा रंगवत नाही.

याच पॉटमध्ये दुसरा हात घेऊ. तुम्हाला सलग पाच पानांच्या मधलं एकच पान हवं आहे, तशी पानं फक्त चार. 42 विरुद्ध 4, म्हणजे साडेदहास एक. 50 चे साडेदहा पट 525. त्यातून 150 वजा, तूट 375. शेवटच्या फेरीत 200 च्या पॉटमध्ये त्याने सरासरी 375 द्यायला हवेत! आणि त्याच्या पुढ्यात 300 च उरले असतील तर? मग तो कितीही उदार असला तरी कॉल चूक. गर्भित भावात पक्की म्हणावी अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे ही वरची मर्यादा. त्याच्याकडे नाही ते तो देणार नाही, आणि तुमच्या पुढ्यात जेवढे आहेत त्याहून जास्त तुम्ही मागू शकत नाही. टेबलावर बसलेल्या किती जणांनी कॉल करण्याआधी समोरच्याचे चिप्स नीट मोजलेले असतात, हा मला पडणारा प्रश्न आहे.

इथे एक गंमत आहे. बदाम आला तर टेबलावर तीन बदाम दिसतील. तुम्हाला हवं ते पान सगळ्यांनाच दिसतं, आणि समोरचा काही आंधळा नाही. मधल्या पानाची वाट पाहणारा हात मात्र लपलेला असतो. पान आलं तरी त्याच्या लक्षात येत नाही. म्हणजे जे पान यायला सोपं ते आल्यावर कमी देतं, जे यायला कठीण ते आल्यावर जास्त देतं. पानाची किंमत पानात नाही, दुसऱ्याच्या न कळण्यात आहे. पुस्तकाने हे लपलेपण ओळखलं आहे आणि ते प्रकरणातलं मला सर्वात आवडलेलं निरीक्षण आहे.

आता जरा कठीण भाग. नीट ऐका, कारण लोक नेमकं हेच विसरतात. सर्वात जास्त पैसे तुम्हाला कोण देईल? ज्याच्याकडे स्वतःचा हात मोठा आहे तो. समजा समोरच्याकडे इस्पिकचा आणि चौकटचा राजा आहे. टेबलावरचा धरून तीन राजे. हा माणूस तीन बदाम पाहूनही सहजी पानं टाकणार नाही. मनातल्या मनात तुम्ही हात चोळता: हाच माझा गर्भित भाव! पण मोजा. बदामाची नव्वी किंवा बदामाची दुर्री आली तर तुमचा फ्लश होतो हे खरं. पण टेबलावर जोडी पडते आणि त्याचा फुल हाउस होतो, तो फ्लशच्या वर. तुमच्या नऊ बदामांपैकी दोन विषारी निघाले. त्याची दोन पानं माहीत धरली म्हणून न पाहिलेली आता 44: सातांत तुम्ही जिंकता, पस्तिसांत 50 घालवता, आणि त्या दोनांत 50 वर आणखी 100 घालवता, कारण एक्क्याचा फ्लश हातात असताना तुम्ही तरी कुठे थांबणार? हिशेब मांडला तर जिंकलेल्या प्रत्येक वेळी त्याच्याकडून पुढे 143 मिळायला हवेत. 56 नव्हे, 143. तेव्हा जो भरपूर देईल त्याच्याकडेच तुम्हाला हरवायची वाटही आहे. उलट्या गर्भित भावाची कल्पना या पुस्तकात त्याच प्रकरणात आहे, पण पाठ फक्त सुलट बाजू होते. तोट्याचं गणित कुणाला तोंडपाठ असतं!

छोट्या जोडीचं उदाहरण तर खेळाडूंच्या जिभेवर असतं. हातात दोन पंज्या आहेत, फ्लॉपवर तिसरी यावी म्हणून कॉल करायचा. ती येण्याची शक्यता 11.76 टक्के, म्हणजे साडेसातास एक. मग समोरच्याकडे कॉलच्या किती पट पैसे असावेत? कुणी दहापट सांगतं, कुणी पंधरा, कुणी वीस. साडेसात हा आकडा पत्त्यांचा आहे. त्याच्या वरचे सगळे माणसाबद्दलचे आहेत: तो नेहमी देणार नाही, कधी आपणच हरू, कधी त्याच्याकडे काहीच नसेल. दहा आणि वीस यांत जो दुपटीचा फरक आहे तो गणितातला मतभेद नाही, मनुष्यस्वभावाबद्दलचा आहे.

पुस्तकाच्या काळाचाही विचार केला पाहिजे. त्यातली बरीच उदाहरणं मर्यादित बोलीच्या खेळातली आहेत, जिथे एका वेळी किती लावायचे ते ठरलेलं असतं. तिथे 'पुढे किती' याचं उत्तर एक बोली किंवा फार तर दोन. अंदाज चुकला तरी थोडक्यात चुकतो. 2003 साली ख्रिस मनीमेकर नावाचा हिशेबनीस ऑनलाइन पात्रता फेरीतून वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेत गेला आणि 25 लाख डॉलर घेऊन बाहेर आला (आडनाव खरंच तेच आहे, मी रचलेलं नाही). त्यानंतर जगभर ज्या नव्या लोकांनी पत्ते हातात घेतले त्यांना अमर्याद बोलीचा खेळ हवा होता. तीच संकल्पना तिथे आली आणि रबरासारखी ताणली गेली. 'मिळाले तर त्याचा पूर्ण ढीग मिळेल' असं म्हटलं की कुठलाही कॉल योग्य ठरवता येतो.

केंब्रिजच्या फ्रँक रॅम्सीने 1926 साली लिहिलेल्या निबंधात मांडलं की एखाद्याचा विश्वास किती पक्का आहे ते तो कुठल्या भावाने पैज घ्यायला तयार आहे यावरून मोजावं. आधी विश्वास, मग पैज. पैज ही विश्वासाची फूटपट्टी. गर्भित भावाच्या नावाखाली जे चालतं त्यात क्रम उलटतो. आधी कॉल करायची इच्छा होते, कारण एक्का-सत्ती बदामाची टाकवत नाही. मग त्या कॉलला पुरेल एवढा विश्वास तयार केला जातो. 'हा देईल हो!' कितीला देईल? जेवढ्याला कॉल बरोबर ठरतो तेवढ्याला. आकडा निर्णयातून निघतो आणि निर्णयाचं कारण म्हणून उभा राहतो. तर्कशास्त्राच्या वर्गात याला चक्राकार युक्तिवाद म्हणून मी शून्य गुण दिले असते.

आता कुणी विचारेल, समोरचा अगदी निर्दोष खेळणारा असला तर गर्भित भाव शून्यच नाही का? असा समज आहे की हे पैसे त्याच्या चुकीतून येतात, चुकत नसेल तर काही नाही. तसं नाही, आणि इथे फॉन नॉयमन पुन्हा कामाला येतो. बदाम पडल्यावर तुम्ही 200 च्या पॉटमध्ये 100 लावलेत. तो प्रत्येक वेळी पानं टाकायला लागला तर तुम्ही काही नसतानाही थाप मारून पॉट न्याल. तीनात एकाहून जास्त वेळा त्याने पानं टाकली तर तुमची कोरी थापही फायद्याची. म्हणून ढोबळमानाने तीनात दोनदा त्याला द्यावंच लागतं. 100 चे दोन तृतीयांश, जवळपास 67. आपली तूट होती 56. म्हणजे निर्दोष माणूसही, केवळ तुम्ही खोटं बोलू शकता म्हणून, तुम्हाला खऱ्याचे पैसे देतो. हे बंधन त्याच्या एकेका हातावर नाही, सगळ्या हातांवर मिळून आहे, तेव्हा हा आकडा खुंटा समजा, सिद्धता नव्हे. पण कधीच थाप न मारणाऱ्या सज्जन खेळाडूचा गर्भित भाव जाणत्यांच्या टेबलावर घसरतो, हे यातून निघतंच.

2015 साली कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या गटाने दोन खेळाडूंचा मर्यादित बोलीचा होल्डेम संगणकावर जवळजवळ पूर्ण सोडवला. त्या गणनेत गर्भित भाव नावाचं वेगळं काही नाही. प्रत्येक टप्प्याच्या किमतीत पुढच्या सगळ्या शक्यता आधीच मिसळलेल्या असतात. संकल्पना लागते ती आपल्याला, कारण आपल्याला सगळं झाड दिसत नाही. पण ते यंत्र एक प्रश्न कधीच विचारत नाही: समोर कोण बसलाय? आणि स्क्लान्स्कीच्या प्रकरणाचा सगळा जीव त्या प्रश्नात आहे.

त्याच प्रश्नावर मला शेवटचा आक्षेप घ्यायचा आहे. गर्भित भाव कुणासमोर सर्वात मोठा? ज्याला पानं टाकता येत नाहीत त्याच्यासमोर. अमेरिकन टेबलावर अशा माणसाला 'कॉलिंग स्टेशन' म्हणतात. तो का टाकू शकत नाही? कधी खेळ कळत नाही म्हणून, कधी संशयी स्वभाव म्हणून, आणि कधी हरलेले परत मिळवायची ओढ सुटत नाही म्हणून. या तिन्ही माणसांत फार फरक आहे. पुस्तकाच्या हिशेबात तिघे एका रकान्यात जातात. बुद्धिबळातही आपण दुसऱ्याच्या चुकीवर जिंकतो; पण समोरचा चुकेल या आशेवर खेळलेल्या चालीला तिथले शिक्षक वाईट चाल म्हणतात. इथे तीच आशा नीट मोजून केली तर कौशल्य.

आपल्याकडे कौशल्य की नशीब हा वाद न्यायालयांत किती वर्षं चालला ते तुम्ही जाणता. 1967 साली सर्वोच्च न्यायालयाने रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं, ते पडलेली पानं लक्षात ठेवणं, कुठलं धरायचं, कुठलं टाकायचं, या कारणांनी. ते पत्त्यांबद्दलचं कौशल्य. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी आणली तेव्हा हा भेदच बाजूला ठेवला. कायदा योग्य की अयोग्य यात आज शिरत नाही. पण पोकर कौशल्याचा खेळ आहे म्हणणाऱ्यांनी एवढं सांगावं की त्यातलं किती कौशल्य पानांबद्दलचं आणि किती समोरच्याच्या न सुटणाऱ्या मुठीबद्दलचं. दोघे समजून उमजून बसले असतील तर मी याला अन्याय म्हणणार नाही. ओढीने बसलेल्या माणसासमोर मात्र मला तो शब्द आठवतो. पुस्तकाला आठवत नाही.

इथे थांबतो. दोन प्रश्नांना वेळ आहे.

श्रोता: सर, शेअर बाजारात कंपनीच्या पुढच्या वर्षांच्या उत्पन्नावरून आजची किंमत काढतो, तेही हेच ना?

अर्धं तेच. न आलेल्या पैशांची आजची किंमत, इथवर सारखं. पण त्या कंपनीचं साबण विकत घेणारा माणूस तुम्ही शेअर घेतलात म्हणून साबण घ्यायचा थांबत नाही. पोकरमध्ये ज्याने पुढे पैसे द्यायचे तोच तुमच्याकडे टक लावून बसलेला असतो. तुम्ही कॉल केलात ही त्याच्यासाठी बातमी आहे. 'हा 50 भरून कशाची वाट बघतोय?' असा विचार तो तुमच्या कॉलनंतरच करतो. तुमच्या अंदाजाचा विषय तुमचा अंदाज करत असतो.

श्रोती: मग शेवटी बोलायची पाळी आपली असेल तर फरक पडतो का?

पडतो, बराच. बदाम आला आणि आधी बोलायची पाळी तुमची असली तर दोन्हीकडून पंचाईत. पैसे लावलेत तर तो बिचकणार. नाही लावलेत तर तोही गप्प बसून पानं उघडायला सांगेल आणि 56 तले शून्य हाती येतील. तो आधी बोलणार असेल तर तो गप्प बसलेला पाहून तुम्ही लावू शकता, किंवा त्याने स्वतःच लावले तर वाढवू शकता. म्हणून पानं तीच, पॉट तोच, माणूस तोच, आणि खुर्ची बदलली तर मी आपल्या उदाहरणातला तो 50 चा कॉल एका खुर्चीतून करेन, दुसरीतून बहुधा नाही.